बदलांचा इतिहास

बायकोचं नाव, आणि लगेच खाली कुरळ्याचं. पुन्हा बायको, पुन्हा कुरळ्या. मधलं स्वतःचं नाव ओलांडत इंजिनिअर स्क्रीन खाली सरकवत राहिला आणि त्याचं डोकं तापत गेलं.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या कंपनीने सगळ्यांसाठी विकी सुरू केली होती. आपल्याला ठाऊक असलेलं काम कुणीही तिथे लिहावं, दुसऱ्याने सुधारावं, आणि कारागिराने लिफ्टपाशी उभं राहून मोबाइलवर वाचावं. कुठल्या पानाला कोणी हात लावला, हेही तिथे नावानिशी दिसे. निम्मी पानं इंजिनिअरनेच लिहिलेली. हयात गेली होती त्याची या कामात. आणि नेमक्या त्याच्याच पानांवर ही दोघं रोज भेटत होती!

बायको तक्रार विभागात होती. कुरळ्या त्याच्याच हाताखाली तयार झालेला. कपाळावर केसांची झुलपं, चालताना तोंडात शीळ. इंजिनिअरच्या डोक्यावर आता भांग पाडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हल्ली बायको बदललीच होती. चहाला चल म्हटलं तर म्हणायची, "आत्ताच तर घेतला आपण." टाळायचंच असलं की माणसाला काहीही सुचतं. गाडीची किल्लीही तिने स्वतःकडे ठेवून घेतली होती. ती कशाला, हे न कळायला तो काही दुधखुळा नव्हता. दोघं जिन्यापाशी कुजबुजत आणि तो दिसला की गप्प होत. त्याच्या जिवाची नुसती काहिली होई. ही सोडून गेली तर आपलं उरतं काय?

एकदा घरी त्याने विचारलंच. "काय एवढं बोलत असता तुम्ही दोघं?"

"कामाचं."

"कोणाच्या कामाचं?"

ती ताटं पुसत राहिली. "तुमच्याच."

"माझ्यावर ढकलू नकोस!"

तिचे डोळे भरून आले. पकडली गेली म्हणून रडतेय, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याने कुरळ्याला गाठलं. "माझ्या पानांना हात लावायचा नाही. आणि माझ्या बायकोशी बोलायचंही नाही."

"वहिनींशी नाही बोलणार, सर," कुरळ्या मान खाली घालून म्हणाला. "पण पानांचं तेवढं राहू द्या."

वहिनी म्हणे! सोंगाड्या मेला. इंजिनिअर तडक मॅनेजरच्या खोलीत शिरला.

"याला विकीवरून काढा. बघा, माझ्या पानांचं निमित्त करून काय चाललंय."

मॅनेजरने नावांवरून नजर फिरवली. "नुसत्या नावांवरून कसं काढू? काय बदललं ते दाखवा."

इतके दिवस नावं वाचूनच त्याचं पित्त खवळत होतं. बदल उघडून बघायचं सुचलंच नव्हतं. त्याने तिथेच बायकोचा एक बदल उघडला. स्क्रीनचे दोन भाग झाले. उजवीकडे तिने सगळं पुसून पान कोरं केलं होतं. डावीकडे आधीचा मजकूर होता, वर त्याचं स्वतःचं नाव, तारीख गेल्याच आठवड्यातली.

दार उघडून खड्ड्यात उतरा. दार उघडून खड्ड्यात उतरा. दार उघडून खड्ड्यात उतरा.

वीज बंद करायची ओळच नव्हती. असं काही लिहिल्याचं त्याला आठवेना.

खाली, बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत, बायकोने कुरळ्यासाठी लिहिलं होतं: "कोणी वाचायच्या आत नीट लिहून टाक रे. डॉक्टर काय म्हणाले, ते ह्यांना अजून सांगितलेलं नाही."