अकरावी

“आई, पुढचा पेला मी भरणार!”

एकतीस वर्षं झाली, तरी लेकीचा तो आवाज माईच्या कानातून गेला नव्हता.

लस टोचायचा दिवस होता तो. ऊन नुसतं रणरणत होतं आणि लेकरांची रांग गल्लीच्या टोकापर्यंत गेलेली. त्यांची सुकलेली तोंडं माईला बघवेनात. तिने दारात घागर मांडली. लेक पेले भरभरून देत राहिली.

दोनेक महिन्यांत घरोघरी डोळे पिवळे झाले. तपासनीस आला. “पोरगं कुठे काय प्यायलं?” एवढंच दारोदार विचारत गेला. सगळ्यांची बोटं एकाच दाराकडे वळली. कावीळ अकरा लेकरं घेऊन गेली. अकरावी माईची.

तेव्हापासून माईने कुणाला पाणी दिलं नाही. पोटच्या मुलालाही म्हणायची, “तुझ्या हाताने घे रे राजा.” त्या दिवशी लस टोचणारी नर्सबाई तेवढी हट्टी. येता-जाता दारात थांबायची, माईच्याच हातून पेला मागायची, घटाघटा प्यायची. गल्ली म्हणे, बाईचं काळीज वाघाचं!

आता माईने अंथरूण धरलं होतं. नर्सबाईही पिकलं पान झालेली, तरी रोज येऊन तिचे पाय चेपायची.

“सिस्टर, तुमचे गुडघे माझ्याहून जास्त कुरकुरतात. बघू, आधी कोण जातंय!”

“नंबर लावू नका, माई. रांगांचा वीट आलाय मला.”

माई हसली. हसता हसता डोळे भरले. “एक मागू? त्या लेकरांच्या आया एकेक करून गेल्या. माफी मागायला कुणी उरलं नाही. त्या दिवशी तुम्ही त्यांच्या भल्यासाठी बसला होतात. त्यांच्या वतीने तुम्हीच म्हणा, माफ केलं. मग मी सुखाने डोळे मिटते.”

चेपणारे हात थांबले.

“एवढंही जड जातंय? म्हणजे तुम्हीसुद्धा मनातून मलाच दोषी धरता.”

नर्सबाईने माईच्या पायांवर डोकं ठेवलं.

“माई, पाणी स्वच्छ होतं. दुपारी स्टोमधलं रॉकेल संपलं, रांग तर हलेना. मी सुया उकळल्याच नाहीत. एकच रक्ताळलेली सुई पुसत पुसत सगळ्यांना टोचत गेले. तुमच्या लेकीलाही तीच.”