कांतोकुच्या खुणा

नंदकिशोरने कानाची पाळी ओढली, टोपी नीट केली आणि छातीवर बोटं आपटली. या खुणेचा अर्थ एकच होता. बॅट आडवी धर, चेंडू नुसता पुढ्यात टाक.

बॅटरने मान डोलावली आणि जीव खाऊन असा फटका हाणला, की चेंडू कुंपणापार गेला.

संघ जिंकला. "अरिगातो, कांतोकु!" असे आभार मानत तो पोरगा कमरेत वाकला. कांतोकु म्हणजे संघाचा कर्ताधर्ता. नंदकिशोरने त्याच्या पाठीवर थाप मारली. दुसरं काय करणार?

सगळा सीझन हे असंच चाललं होतं. नंदकिशोर मूळचा पुण्याचा फास्ट बोलर. जपानमधल्या एका छोट्या व्यावसायिक लीगमध्ये बेसबॉल खेळायला आलेला पहिलाच भारतीय. सात वर्षं चेंडू फेकून फेकून खांदा कामातून गेला, तेव्हा मालकांनी त्याला कांतोकु केलं. तळाशी पडलेला संघ त्याच वर्षी जिंकत सुटला. फक्त त्याची एकही खूण कोणी पाळत नव्हतं. थांब म्हटलं की पळायचे, पळ म्हटलं की थांबायचे. बरं, उद्धटपणा म्हणावा, तर पोरं त्याच्यापुढे वाकून वाकून अर्धी व्हायची.

त्याचा संशय कुदो-सानवर होता. बॅटिंग शिकवणारा हा म्हातारा खरं तर कांतोकु व्हायचा होता, पण डावलला गेला. बाकाच्या टोकाला बसून तो सारखा गुडघा चोळायचा. नंदकिशोरला आता त्या चोळण्यातही खुणा दिसू लागल्या होत्या.

ग्योतोकु भागातल्या आपल्या घरी जेवताना त्याने विषय काढलाच. त्याची बायको सरिता त्याच्या पहिल्या सीझनपासून संघाचा स्कोअर लिहायची. एका हाताने घसरणारी ओढणी सावरत, दुसऱ्या हाताने पेन्सिल चालवत ती त्याच बाकावर बसलेली असायची.

"तू तर तिथेच असतेस. तुला काहीच दिसत नाही?"

"मी स्कोअर लिहू, की म्हाताऱ्याचे हात बघत बसू?"

"पोरं माझ्याकडे बघून मान डोलावतात आणि करतात भलतंच."

"जिंकतोय ना आपण? मग कशाला उकरून काढतोस?"

"फायनल जिंकली तर मालक करार वाढवणार आहेत. सही मी करायची ना? मग हा संघ माझा आहे का, एवढं तरी कळू दे मला!"

सरिताने त्याच्या पानात भात वाढला. वाढता वाढता म्हणाली, "कुदो-सानला काही बोलू नकोस. भला माणूस आहे रे."

झालं. नंदकिशोरची खात्रीच पटली. ही म्हाताऱ्याची बाजू घेतेय, म्हणजे हिलाही ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी त्याने कुदो-सानला सांगून टाकलं, फायनलला बाकावर बसू नका.

म्हातारा रागावला नाही. उलट हसला. "मी नसलो तरी काही बिघडणार नाही," एवढंच म्हणाला. ते हसणं नंदकिशोरला झोंबलं.

फायनलचा शेवटचा डाव. धावा बरोबरीत, तिसऱ्या बेसवर आपला माणूस. कुदो-सानची जागा रिकामी, बाकावर सरिता नेहमीसारखी ओढणी सावरत, पेन्सिल चालवत. नंदकिशोरने मोठ्या विश्वासाने खूण केली. मार, मोकळ्या हाताने मार!

बॅटरने मान डोलावली. आणि बॅट आडवी धरून चेंडू अलगद पायाशी टाकला. तिसऱ्या बेसवरचा गडी घसरत होम बेसवर पोहोचला. जिंकले!

नंदकिशोरचा आ वासलेलाच राहिला. म्हातारा तर इथे नव्हता. मग याला सांगितलं कोणी? पण तेवढ्यात मैदानात एकमेकांच्या अंगावर पडलेली पोरं उठली आणि ओरडत बाकाकडे धावत सुटली. जपानमध्ये जिंकलेला संघ आपल्या कांतोकुला हवेत उडवतो. या एका क्षणासाठी त्याने खांदा झिजवला होता. म्हणजे संघ त्याचाच होता तर! डोळे भरून आले. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि दोन्ही हात पसरले.

पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेली. त्याच्या मागे उभ्या असलेल्या सरितापुढे ती सगळी कमरेत वाकली, आणि "कांतोकु! कांतोकु!" असं एका सुरात ओरडत त्यांनी तिला हवेत उडवलं.