पडवीतली हवा

“घर चांगलं आहे, कुशाबा. काळजीचं काही नाही,” पुण्याहून आलेले सर म्हणाले. पडवीत बसलेल्यांनी सुस्कारा सोडला. शैलाने तेवढा सोडला नाही.

तपासणी तिच्याच हट्टामुळे झाली होती. तिची आई, प्रयागबाई, फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. तंबाखूचा वाससुद्धा आईला सोसत नसे. मिश्री लावणारी बाई शेजारी आली की पदर नाकाला लागायचा. तरी दहाव्याला कोणीतरी कारण विचारलं, तेव्हा शैलाचे वडील, कुशाबा, चारचौघांत म्हणाले होते, “लावत असंल चोरून मिश्री. बायकांचं काय सांगावं?”

शैलाने ते ऐकून घेतलं आणि वाचायला बसली. वाचता वाचता तिला रेडॉन सापडला. जमिनीतून, खडकातून निघणारा वायू. रंग नाही, वास नाही. कोंदट जागेत साचतो आणि वर्षानुवर्षं श्वासाबरोबर आत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. तिने रेडॉन मोजणाऱ्या या सरांना गाठलं. दिवाळीनंतर वाडीतल्या घराघरांत प्लास्टिकची एकेक डबी दिली गेली. आत रेडॉनची खूण उमटणारा फिल्मचा तुकडा. उन्हाळ्यापर्यंत टांगून ठेवायची, मग सर नेऊन तपासणार.

“आपलंच न्हाई, समद्या वाडीचं चांगलं निघालं,” भाऊ सोपान हसला. “ताई, लई पुस्तकं वाचती तू. घराचं नाव खराब झालं असतं फुकट.”

“मंग मी काय म्हणत व्हतो?” कुशाबांनी बशी खाली ठेवली. “दोष घराचा न्हाई. जिचा तिचा.”

शैलाने वर पाहिलं. डबीची सुतळी अजून वाशाला होती, दोन खाटांच्या बरोबर मधे. बिबट्याच्या भीतीने पडवीला लोखंडी जाळी बसवली होती. जाळीतून वारा आरपार वाहत होता. सुतळी झुलत होती.

“डबी इथं कोणी टांगली?”

“मीच,” सोपान म्हणाला. “घरातली झोपतात तिथं टांगा, म्हणले व्हते सर. आबा आन मी इथंच झोपतो ना.”

“आणि बाकीच्या घरांत?”

“समद्यांनी पडवीतच. शेजारच्या भगवंताची तर खाटेच्या उशाला व्हती.”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. “बायका कुठे झोपतात?”

शैलाने बोट दाखवलं. माजघराच्या मागे, डोंगर फोडून काढलेली खोली. तीन बाजूंना खडक. खिडकी नाही. धान्याच्या कणग्या आणि एक बाज. अंधार पडला की दाराला आतून कडी. संसाराची सगळी वर्षं आई रात्री तिथंच झोपली होती.

“वाऱ्यावरची डबी तपासली तुम्ही,” शैला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “माझ्या आईला बोल लावायला तेवढं पुरलं, आबा?”

सरांनी पिशवीतून नवी डबी काढली.

“आता कशाला?” कुशाबा खेकसले. “ती गेली. आत कोणीबी झोपत न्हाई आता.”

माजघराच्या दारात सोपानची बायको भागू उभी होती, तान्ही लेक खांद्यावर घेऊन. सासऱ्यापुढे तिने आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

“मी झोपते, मामंजी,” ती म्हणाली. “आन ही बी.”