अडलं तर

“बाई, अडले तर सांगाल ना?” छोटी केतकी याच वर्गात शालनबाईंना विचारायची, त्याला वीस वर्षं झाली. आता केतकी या जगात नव्हती; तिचा आवाज तेवढा तिच्या मुलीच्या, मैनेच्या वाचनयंत्रात उरला होता. मूल अडखळलं की यंत्र घरच्या माणसाच्या आवाजात शब्द सांगायचं. सलग दोन पानं न अडता वाचली की ते शाळेत जमा व्हायचं, आणि दुसऱ्या मुलासाठी आधीचा आवाज पुसला जायचा.

मैना वर्षभर अडतच होती. आज ती ‘पाणी’पाशी थांबली.

“पाणी, बाळा,” यंत्र मायेनं म्हणालं. मैनेनं डोळे मिटून ऐकलं.

शालनबाई तिच्याशेजारी बसल्या. “काल फळ्यावरची अख्खी गोष्ट मैत्रिणींना वाचून दाखवलीस की गं. मी दाराशीच होते. मग यंत्रापुढंच जीभ का जड होते?”

मैना पानाचा कोपरा दुमडत राहिली. मग आईला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं यंत्रावर तळहात ठेवला.

“मला सगळं वाचता येतं, बाई,” ती हळूच म्हणाली. “पण मी अडले नाही, तर आई बोलतच नाही.”