वस्तादांची मूठ

बारा मिनिटं उरली होती आणि वस्तादांचा हात खिशातून निसटला.

त्यांना कळलंसुद्धा नाही. तिसऱ्या ओट्यावरचं पातेलं रटरटत होतं, ते शेजारून चालले होते, मिठाची बरणी उघडी होती. कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं स्वयंपाक केलेला माणूस, आता दर बुधवारी शाळेतल्या मुलांना तो शिकवणारा. रटरटत्या पातेल्याजवळून रिकाम्या हाताने जायची सवयच नव्हती. मूठ भरली. मूठ उघडली. हात जसा आला तसा खिशात परत.

फळ्यावर, त्यांच्याच अक्षरात, आजच्या स्पर्धेचे नियम:

चौघांसाठी भाज्यांचं सूप. चाळीस मिनिटं.
तेल एक चमचा. पुडीतलं काही नाही.
मीठ सपाट अर्धा चमचा, तेही गॅस बंद केल्यावर.
मोठ्यांचे हात खिशात.

तिसऱ्या ओट्यावर तराजू होती. गाजराचे तुकडेसुद्धा मोजून घ्यायची, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलं होतं. तिने चमचाभर सूप तोंडात घेतलं आणि डोळे गच्च मिटले.

"वस्ताद, मी अजून मीठ घातलेलं नाही."

"बरं, मग?"

"मग हा समुद्र कुठून आला?"

वस्तादांनी खिशातून हात काढला. उघडला. रेषारेषांत पांढरे कण.

सोळा मुलं बघत राहिली.

"दुधात मिठाचा खडा ऐकला होता," पहिल्या ओट्यावरचा बडबड्या म्हणाला. "मूठ आजच बघितली."

सगळे हसले. तराजू हसली नाही. ती घड्याळाकडे बघत होती.

नऊ मिनिटं.

वेळ संपली की मोठ्या बाई येणार होत्या. शाळा त्यांची, शब्दही त्यांचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मुलं भाज्या टाकूनच देतात, मग शिकवून उपयोग काय? आज त्या स्वतः चाखणार होत्या, मुलं खातात का ते बघणार होत्या. नाही खाल्लं तर पुढच्या बुधवारपासून वर्ग बंद; ओटे निघणार, खोलीत मोडकी बाकं येणार. वस्तादांनी हे मुलांना मुद्दामच सांगितलं नव्हतं.

मुलांना ते केव्हाच माहीत होतं.

"मी सांगतो बाईंना. चूक माझी आहे."

"सांगा," तराजू म्हणाली. "पण त्यांनी खायचं काय?"

"बटाटा टाकू या," बडबड्या म्हणाला. "माझी आजी म्हणते, बटाटा मीठ ओढून घेतो."

"आजीला माझा नमस्कार सांग," वस्ताद म्हणाले. "पडलेलं मीठ कुणी ओढून घेत नाही, बाळा. खाणारी माणसं वाढवावी लागतात."

तराजूने मान वर केली. "तुमची मूठ किती माणसांची असते?"

एकतीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते हाताकडे बघत राहिले.

"तेव्हा चाळीस जणांची होती. आता हात सुकलाय. तीस धर."

"आपण सोळा. बाकीच्या तिन्ही पातेल्यांत मीठ पडलेलं नाही." ती पुटपुटत मोजत होती. "चौदा जण कमी पडतात."

"शेजारच्या वर्गात आहेत की," बडबड्या म्हणाला. "मघापासून दाराच्या फटीत नाकं आहेत त्यांची."

सहा.

पहिल्या ओट्याने भोपळा दिला. चौथ्याने मसूर आणि टोमॅटो. दुसऱ्या ओट्याच्या पोरींनी मात्र दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. आज त्या जिंकणार होत्या. त्यांनी मटार सोलताना एकही तोंडात टाकला नव्हता.

"आमचं चांगलं झालंय!"

"म्हणून तर हवंय," तराजू म्हणाली.

झाकण हळूच सुटलं.

मोठं पातेलं माळ्यावर होतं. वस्तादांनी वर बघितलं, मग मुलांकडे.

"उतरवायला माझे हात चालतील?"

सोळा जणांनी एकमेकांकडे बघून विचार केला.

"तेवढ्यापुरते."

चारही पातेली त्यात ओतली. उकळत्या पाण्याच्या किटल्या आल्या, एक जास्तीचीच आली. कुणीतरी फळ्यावरचं 'चौघांसाठी' पुसून 'तिसांसाठी' लिहिलं. मिठाची ओळ पुसली आणि तिथे लिहिलं: वस्तादांची एक मूठ.

शून्य.

मोठ्या बाई आल्या तेव्हा दारात वाट्या घेऊन शेजारचा वर्ग दाटीवाटीने उभा होता. त्यांनी चार रिकामे ओटे बघितले. एक पातेलं बघितलं. फळा वाचला.

"स्पर्धा होती ना? हे कुणाचं?"

"माझ्या चुकीचं आहे, बाई," वस्ताद म्हणाले. "निस्तरलंय पोरांनी."

बाईंनी वाटीत फुंकर घातली. एक घोट घेतला. सगळी खोली त्यांच्या गळ्याकडे बघत होती. त्यांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. वाटीचा तळ दिसल्यावर म्हणाल्या, "बरं झालंय. मीठ तेवढं जरा कमी आहे."

खिसा. बरणी. मूठ. वस्तादांना कळायच्या आधीच त्यांचा हात निघाला होता.

पण तराजू त्याच्याही आधी. तिने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट हवेतच पकडलं. एकेक बोट उघडलं. तळव्यावरच्या ढिगातून एक चिमूट उचलली, पातेल्यात सोडली, ढवळलं. मग बोटं होती तशी मिटली आणि ती मूठ, मिठासकट, त्यांच्या खिशात घातली.

"बाकीचं पुढच्या बुधवारी," ती म्हणाली.

वस्तादांनी बाईंकडे बघितलं.

बाईंनी रिकामी वाटी पुढे केली.