पंखा फिरत होता

माणिक मिस्त्रीने कूलरवरचं पोतं ओढून काढलं, आणि बेबीताई उठून घरात निघून गेली.

"जाऊ द्या तिले," तिचा नवरा केवलराम म्हणाला. "पाहवत नाई तिच्यानं."

कुणाच्यानं पाहवणार होतं? मागच्या वैशाखात याच कूलरमध्ये पाणी भरताना त्यांची सून उन्नती करंट लागून गेली. लग्नाची मेंदी अजून डोळ्यांसमोरून हलली नव्हती. मुलगा पीयूष नंदिनी नगरला खाणीवर बदली मागून निघून गेला, तो आता सणालाही येत नाही. आणि बेबीताईने घरातल्या एकाही बटणाला हात लावायचं सोडलं. दिवेलागण झाली तरी अंधारात बसून राहायची, केवलराम बाहेरून येऊन दिवा लावेपर्यंत. करंटची धास्ती घेतली बिचारीनं, असं खुर्सीपारची सारी वस्ती म्हणायची.

खुर्सीपार आणखीही एक गोष्ट म्हणायचं. पोरगी गुणाची होती हो, पण बटण बंद न करता पाणी भरायला गेली. शिकलीसवरलेली असून एवढं कळू नये? मेलेल्या माणसाला बोल लावायला काय जातं! ते काही उठून भांडायला येत नाही.

कूलर हिरालालच्या दुकानातला. पत्रा कापून, पंखा बसवून तो स्वतःच कूलर बनवायचा, आणि गल्लीत घरोघरी त्याचेच कूलर होते. आज तो पडवीत खुर्ची टाकून बसला होता. सोबत एक कागद आणला होता. चूक सुनेची, मालात खोट नव्हती, असं केवलरामने सही करून दिलं की दुर्गच्या ग्राहक आयोगातली तक्रार मिटणार होती. वर नवा कूलर फुकट देतो म्हणत होता. काय माणसं असतात!

"भाऊ, मले का दुःख नाई?" हिरालाल म्हणाला. "पण चालू कूलरात हात घातला तं मी का करू? तुमीच सांगा, पंखा चालू होता का नाई?"

"होता," केवलराम म्हणाला. पोलाद कारखान्याच्या प्लेट मिलमध्ये जन्म काढलेला माणूस, खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "मी आंगणातून धावत आलो तवा पंखा भरभर फिरून राह्यला होता. मीच पिलग ओढला. डोळ्यानं पाह्यलं तेच सांगून राह्यलो."

रेणूचा चेहरा उतरला. ती वकील. शहरातल्या ग्राहक मंडळातर्फे ही केस फुकट लढत होती, आणि माणिकलाही तिनेच आणलं होतं.

"काका, सही नंतर करा. आधी तपासू तर द्या," ती म्हणाली. "हेच कूलर गल्लीत सगळ्यांकडे आहेत. उद्या आणखी कुणाची तरी मुलगी पाणी भरायला जाईल."

"तपासा न. पण त्यानं माही पोरगी वापस येणार हाय का?"

माणिकने कूलरमध्ये पाणी ओतलं. प्लग लावला. कूलरवरचं बटण बंदच होतं, पंखा गप्प होता. त्याने पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

"अरे बापा!" माणिक मागे सरकला. बटण बंद असल्याची खात्री करून त्याने पुन्हा टेकवला. दिवा पुन्हा लागला. मग प्लग काढून त्याने मागची जाळी उघडली, आत डोकावला, आणि हिरालालकडे वळला.

"हिरालालभाऊ, हे का करून ठेवलं? बटण उलट्या तारेवर बसवलं तुमी. बंद केलं का पंखा थांबते, पण करंट आत येऊनच राह्यते. अन् पंपाची तार घासली हाय. सारा करंट पाण्यात अन् पत्र्यात."

हिरालालचं तोंड एवढंसं झालं. पण पक्का दुकानदार तो. "असन. पण त्या दिवशी तं चालूच होता न? भाऊनं पाह्यलं. तिनं बटण बंद केलं असतं तं गोष्ट अलग होती."

आयोगासमोरही हेच विचारलं जाणार, हे रेणूला कळत होतं. केवलरामने खिशातून पेन काढला. सुनेची बदनामी त्याला नको होती, पण पाहिलेलं न पाहिलेलं कसं करणार?

दारात बेबीताई उभी होती. केव्हा आली, कुणाला कळलं नाही.

"माणिक," ती म्हणाली, "बटण बंद असलं तरी माणूस मरते?"

"मरते, काकू."

"अन् मंग कोणी चालू केलं तं?"

"त्यानं का होते? करंट पह्यलेपासूनच असते. चालू करा का बंद करा, एकच."

बेबीताईने भिंत धरली आणि तिथेच खाली बसली. मग तिला जे रडू फुटलं! तेराव्यालासुद्धा तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. केवलरामच्या हातातला पेन हातातच राहिला.

"अवो, काय झालं?" तो म्हणाला.

"बंदच होतं जी," बेबीताई म्हणाली. "पोरीनं बंद केलं होतं. मी सैपाकघरातून धावत आली तं ती चिकटलेली. मले काईच सुचलं नाई. बंद कराले म्हून मी बटण दाबलं, अन् पंखा सुरू झाला. मंग तुमी आले."

तिने उजवं बोट पदरात गुंडाळून घट्ट धरलं होतं.

"मले वाटलं, पोरगी माह्याच बोटानं गेली."