गेटबाहेरचा चहा

"मुडदा बशिवला त्याचा! म्हणे, आमचा कामगारच न्हाई!" सोनूबाईनं खलबत्त्यात आलं असं ठेचलं, जणू मिलमालकच त्यात बसला होता.

तिच्या मिथुनचा उजवा हात मिलच्या भट्टीवर कोपरापर्यंत जळाला होता. पोरगा दवाखान्यात तळमळत होता आणि मालक म्हणत होता, तो ठेकेदाराचा माणूस, आमचा काय संबंध? रात्रपाळ्या करून घेताना बरा संबंध होता! कामगारांनी मिलचं गेट अडवलं होतं. उपचाराचा खर्च आणि मिथुनला कायम नोकरी, तेही कागदावर; नाहीतर भट्टी पेटू द्यायची नाही.

बोलणी करायला खुद्द सर्जेराव आत गेले होते.

सर्जेराव याच भट्टीवर घाम गाळत युनियनचे पुढारी झाले आणि पुढे खासदार. पहिल्या संपात मालकानं पुढे केलेला चहा तसाच ठेवून ते उठले आणि सगळ्यांदेखत सोनूबाईच्या टपरीवर येऊन प्याले. "मालकाचा चहा पोटात गेला, की आपल्या माणसाची बाजू तोंडातून निघत न्हाई," असं म्हणाले होते. युनियनचा तो नियमच झाला. पुढे बोलणी चालू असताना संपतनं आत कपभर चहा घेतला, तर सर्जेरावांनी त्याला भर गेटवर युनियनमधून काढलं.

तोच संपत आज टपरीच्या बाकड्यावर बसून मान हलवत होता. "अक्का, लई टाइम लागून राह्यला आत. भाऊ पहिल्यासारखे राह्यले न्हाईत."

"तुला अजून तो कप सलतो, दुसरं काय?" सोनूबाई कडाडली. "दिल्लीला गेलं म्हणून माणूस इमान विकत न्हाई. गप बस!"

तिनं फळीवरचा निळ्या काठाचा कप काढून धुतला. तो फक्त सर्जेरावांचा. दुसऱ्या कुणाला ती त्यात चहा देत नसे.

ऊन कललं तेव्हा गेट उघडलं. सर्जेराव हात उंचावतच बाहेर आले. "मिथुनचं काम झालं! मालकानं शब्द दिला. उद्या सकाळी भट्टी चालू करा."

"अन् कागद?" संपतनं विचारलं.

"येईल मागून. मी हाय ना!"

घोषणांनी रस्ता दणाणला. सोनूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. संपतकडे एक जळजळीत नजर टाकून तिनं निळ्या काठाचा कप काठोकाठ भरला आणि गर्दीतून वाट काढत गाडीपाशी गेली.

"घ्या भाऊ. तुमचाच कप हाय."

सर्जेरावांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि ते गाडीत बसले.

"राहू द्या अक्का, आत्ताच आत झाला."